ट्रायम्फ ६५०चा गिअरबॉक्स स्प्रॉकेट बदलताना: तीन नट आणि त्यांचा क्रम

मागच्या चेनचा पुढचा, लहान स्प्रॉकेट म्हणजे गिअरबॉक्स स्प्रॉकेट. हल्लीच्या गाड्यांवर तो बाहेरच बसवलेला असतो. एक कव्हर उघडलं, नट काढला, की हातात. इंग्लंडमधल्या मेरिडन कारखान्याच्या जुन्या ट्रायम्फ मोटारसायकलींवर तो क्लचच्या मागे, प्रायमरी केसच्या (इंजिनकडून क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन ज्या पेटीत फिरते तिच्या) आतल्या भिंतीपलीकडे बसलेला आहे. त्याच्यापर्यंत पोचायचं तर एक्झॉस्ट, फूटरेस्ट, प्रायमरी कव्हर, अल्टरनेटर, क्लच, प्रायमरी चेन आणि एक गोल झाकणी, इतकं सगळं बाजूला करावं लागतं. प्रत्यक्ष स्प्रॉकेट बदलायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही. दुपार जाते ती रस्ता मोकळा करण्यात.

ही अशी रचना का, हे आधी डोक्यात बसलं तर पुढचं सगळं सोपं जातं. गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट एका पोकळ गिअरमधून बाहेर येतो. त्या पोकळ गिअरला स्लीव्ह गिअर किंवा हाय गिअर म्हणतात. मेनशाफ्टच्या टोकावर क्लच बसतो आणि स्लीव्ह गिअरच्या टोकावर स्प्रॉकेट. म्हणजे ताकद ज्या बाजूने गिअरबॉक्समध्ये शिरते, त्याच बाजूने बाहेर पडते, आणि बाहेर पडायची जागा शिरायच्या जागेच्या मागे आहे. टॉप गिअरमध्ये मेनशाफ्ट आणि स्लीव्ह गिअर एकमेकांत थेट अडकून एकत्र फिरतात, मध्ये कुठलाच दुसरा गिअर येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, नट सोडताना तिचाच उपयोग होणार आहे.

मी इथे लिहितोय ते १९६३पासूनच्या युनिट ६५० गाड्यांबद्दल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेली बोनव्हिल टी १२० आणि टीआर ६. १९७१पासूनच्या, फ्रेममध्ये ऑइल असणाऱ्या गाड्यांनाही हीच पद्धत चालते. ७५० सीसीच्या टी १४०ला प्रायमरी चेन दुहेरीऐवजी तिहेरी आहे, बाकी चाल तीच. प्री-युनिट (त्याआधीच्या, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असलेल्या ट्रायम्फ) आणि नॉर्टनवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. त्यांनी तेवढं आधी वाचलं तर बरं, कारण नॉर्टनच्या नटाचे आटे उलटे आहेत.

किती दातांचा घ्यायचा

बदलायची कारणं दोनच. जुना झिजला, किंवा गाडीची चाल बदलायची आहे. झिजलेला ओळखायला मोजमाप लागत नाही. दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले की त्याचं आयुष्य संपलं. चेन मात्र मोजा. ५/८ इंच पिचच्या चेनच्या २० कड्या नव्यात साडेबारा इंच भरतात. ताणून धरल्यावर त्या पावणेतेरा भरल्या तर चेन टाकून द्या. जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट किंवा नव्या चेनवर जुना स्प्रॉकेट हा हिशेब मला कधी पटला नाही. एकाची झीज दुसऱ्याला खाते, आणि इथे तर स्प्रॉकेट पुन्हा काढायचा म्हणजे अख्खी दुपार.

चालीचं गणित सरळ आहे. टी १२०च्या इंजिन स्प्रॉकेटला २९ दात, क्लचच्या चक्राला ५८. म्हणजे प्रायमरीत बरोबर निम्मा वेग. मागच्या चाकाला ४६ दात आणि गिअरबॉक्सला १९ असतील तर टॉप गिअरचं गुणोत्तर ४.८४ येतं. १८ लावला तर ५.११, २० लावला तर ४.६०. मागे ४.००–१८चा टायर धरला तर १९च्या स्प्रॉकेटवर इंजिनच्या दर हजार फेऱ्यांना ताशी सुमारे २५.४ किलोमीटर मिळतात, २०च्या स्प्रॉकेटवर सुमारे २६.७. ताशी ८० किलोमीटरला १९वर इंजिन साधारण ३१५० फेऱ्यांवर असतं आणि २०वर ३०००च्या जरा खाली. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, हँडलवरच्या हातांना मात्र तो कळतो. ३६० अंशांचं हे पॅरलल ट्विन इंजिन कुठल्या फेऱ्यांना हात बधिर करतं ते प्रत्येक मालकाला आपल्या गाडीपुरतं पाठ असतं, आणि पुढचा एक दात म्हणजे तो टप्पा पाच टक्के वर किंवा खाली सरकवणं. मागच्या चाकावर तेवढाच फरक पाडायला दोन ते तीन दात लागतात.

माझं मत विचाराल तर एकट्याने, मोकळ्या लांब रस्त्यावर चालवणाऱ्याने २० लावावा. चढ, गर्दी किंवा मागे कायम कोणी बसत असेल तर १९च ठेवावा. १८ लावला की गाडी सिग्नलवरून उडते आणि मग सारखी पाचवा गिअर मागत राहते, जो चार गिअरच्या पेटीत नसतोच.

स्पीडोमीटरची केबल कुठे जाते तेही पाहून ठेवा. मागच्या चाकाच्या हबला जात असेल तर स्प्रॉकेट बदलल्याने काटा खोटं बोलणार नाही. गिअरबॉक्सला जात असेल तर बोलेल, आणि एका दातामागे पाच टक्के बोलेल.

जमवाजमव

नव्या स्प्रॉकेटबरोबर ही यादी एकदम मागवा: नटाखालचं टॅब वॉशर (नट सुटू नये म्हणून ज्याची कड नटावर वाकवतात ते), स्लीव्ह गिअरचं ऑइल सील, गोल झाकणीचं ऑइल सील आणि गॅस्केट, प्रायमरी कव्हरचं गॅस्केट. या सगळ्यांची मिळून किंमत स्प्रॉकेटपेक्षा फार नसते, आणि यातलं एखादं राहिलं तर ते नेमकं सगळं बंद केल्यावर आठवतं.

खास हत्यारांमध्ये क्लच हबचा (क्लचच्या मधल्या भागाचा) पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लागतोच, त्याला पर्याय नाही. हबच्या आतल्या आट्यांत घट्ट बसणारा, या गाडीसाठी बनवलेला पुलर घ्या. दोन पायांचा साधा पुलर क्लचच्या चक्रामागे अडकवून ओढू नका. चक्र वाकतं आणि हब जागचा हलत नाही. स्प्रॉकेटच्या नटासाठी खोल सॉकेट लागतो, कारण मेनशाफ्टचं टोक नटातून बरंच बाहेर आलेलं असतं. हा सॉकेट माप घेऊन, नटावर बसवून बघूनच घ्या. छिन्नी-हातोड्याने ठोकून सोडवलेले नट मी पुष्कळ पाहिलेत. तसा एखादा तुमच्या गाडीत निघाला तर नवा नटही यादीत लिहा. स्क्रू सोडवायला इम्पॅक्ट ड्रायव्हर, टॉर्क रेंच, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक सरळ पट्टी.

पान्यांबद्दल एक गोष्ट. साठच्या दशकातल्या गाड्यांवर व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेडचे नट-बोल्ट आहेत, दशकाच्या अखेरीपासून युनिफाइड थ्रेड येत गेले, आणि मधल्या काळातल्या गाड्यांवर दोन्ही सापडतात. शिवाय पन्नास-साठ वर्षांत कोणी काय घातलं असेल सांगता येत नाही. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतोय’ म्हणून लावायचा नाही. जवळपास बसलेला पाना नटाचे कोपरे खातो.

उघडायला सुरुवात

बॅटरीची जोडणी काढा. या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे चासीला जोडलेली तार धनाची. सवयीने उलटी समजूत करून घेऊ नका, आणि नंतर जोडतानाही हे विसरू नका.

गाडी मधल्या स्टँडवर, पुढचं चाक भिंतीला टेकवून. प्रायमरीचं ऑइल काढून टाका. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट पाइप आणि फूटरेस्ट काढा. मागच्या ब्रेकचा पेडल कव्हरच्या आड येतो. ब्रेक रॉडच्या टोकाचा नट सैल केला की पेडल खाली पडतो आणि वाट देतो. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. कव्हर निघत नसेल तर रबरी हातोड्याने कडेकडेने ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेलं कव्हर पुढे आयुष्यभर गळतं.

आता समोर पुढच्या बाजूला अल्टरनेटर आणि मागच्या बाजूला क्लच दिसेल. कव्हर निघालं की ब्रेक रॉडचा नट परत आवळा. मागचा ब्रेक आपल्याला लगेच लागणार आहे.

तीन नट

इथे घाई करणारा अडकतो. मोठे नट तीन: अल्टरनेटरच्या रोटरचा (फिरणाऱ्या भागाचा), क्लच हबचा आणि स्प्रॉकेटचा. तिन्ही सोडवताना ते ज्या शाफ्टवर आहेत तो शाफ्ट फिरता कामा नये, आणि फिरू न देण्याचं साधन गाडीतच आहे. मागची चेन आणि मागचा ब्रेक. म्हणून तिसरा नट सुटेपर्यंत मागची चेन काढायची नाही. बरेच जण उत्साहात चेनच आधी उतरवतात, मग नट धरायला लाकडाचे ठोकळे, पट्ट्या आणि शेजारी शोधत बसतात.

पहिला रोटरचा. गाडी टॉप गिअरमध्ये घाला, मागच्या ब्रेकवर कोणाला तरी भार देऊन उभं करा किंवा पेडल पट्ट्याने खाली ओढून बांधा. क्लच अजून पूर्ण जोडलेला आहे, स्प्रिंग जागेवर आहेत. त्यामुळे क्रँकशाफ्टपासून प्रायमरी चेन, क्लच, मेनशाफ्ट, स्लीव्ह गिअर, मागची चेन, चाक अशी सगळी साखळी ब्रेकपर्यंत बांधलेली आहे. टॉप गिअर एवढ्यासाठीच, की त्यात जोर लहान गिअरच्या दातांवर न येता थेट जातो. रोटरच्या नटाला टॅब वॉशर असेल तर आधी तो सरळ करा. बार गाडीच्या तोंडाच्या दिशेने ठेवून खाली दाबा; सरळ आट्यांचा नट डाव्या बाजूने बघताना असाच सुटतो, आणि खाली दाबल्याने गाडी स्टँडवरून उतरत नाही. क्लच आधीच उघडून ठेवला असता तर इंजिन मोकळं फिरलं असतं आणि क्लच लॉक करायला जुन्या प्लेटा जोडून केलेलं वेगळं हत्यार लागलं असतं.

मग स्टेटरचे (रोटरभोवतीच्या स्थिर भागाचे) तीन नट काढून स्टेटर ओढून घ्या आणि तारेने वर टांगा. त्याच्या केबलवर त्याला लोंबकळू देऊ नका. तारेचं तोंड कुठल्या बाजूला होतं याचा फोटो काढून ठेवा. रोटर चुंबक आहे, बाकावर ठेवला तर आजूबाजूचा सगळा लोखंडी कीस गोळा करतो. काढल्याबरोबर स्वच्छ फडक्यात बांधा. त्याची चावी, म्हणजे अर्धचंद्राकार तुकडा, क्रँकच्या खाचेतून काढून वेगळा ठेवा.

दुसरा हबचा. क्लचच्या प्रेशर प्लेटवर तीन स्प्रिंग, प्रत्येकीवर खाचेचा नट. या नटांच्या खालच्या अंगाला एक छोटा उंचवटा असतो, तो स्प्रिंगच्या टोकात अडकून नट सैल होऊ देत नाही. म्हणून पातळ पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने स्प्रिंगचं टोक जरा आत दाबून धरायचं आणि मग नट फिरवायचा. नुसता जोर लावला तर स्प्रिंगचं टोक सोलून निघतं. प्रेशर प्लेट आणि प्लेटा क्रमाने काढून तशाच रचून ठेवा. मेनशाफ्टच्या पोकळीतला लांब पुशरॉड बाहेर ओढा. तो आत राहिला तर पुलर त्याच्यावरच दाब देत बसेल. गाडी अजून टॉप गिअरमध्ये, ब्रेक दाबलेला. हबचा नट सुटतो, कारण हब मेनशाफ्टवर चावीने बांधलेला आहे आणि मेनशाफ्ट चाकाशी.

हब टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या भागावर) चढवलेला असतो, नट काढला तरी तो हलत नाही. पुलर त्याच्या आट्यांत पूर्ण बसेपर्यंत आत घाला. अर्धवट आट्यांवर ओढला तर हबचे आटे जातात. मधला बोल्ट आवळा, ताण आला की बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचा एक नेटका ठोका. ‘टक्’ असा आवाज येतो आणि हब मोकळा होतो. तो आवाज येईपर्यंत आवळा-ठोका, आवळा-ठोका, एवढंच करायचं.

खाली ट्रे ठेवा. क्लचचं चक्र हबभोवती २० सुट्या रोलरवर फिरतं. ते पिंजऱ्यात नसतात, ग्रीसच्या भरवशावर असतात, आणि ग्रीस धुऊन गेलेलं असतं. प्रायमरी चेन अखंड आहे, तिला जोड नाही. म्हणून तिचा ताण देणारा टेन्शनर ड्रेन प्लगच्या भोकातून सैल करायचा आणि इंजिन स्प्रॉकेट, चेन, क्लच असं सगळं मिळून दोन्ही हातांनी समांतर बाहेर सरकवायचं. इंजिन स्प्रॉकेट अडून बसला तर पुलर लावा. केसवर टेकवून उचकटू नका, ॲल्युमिनियम आधी तुटतं. इंजिन स्प्रॉकेटच्या मागे पातळ शिम (चकत्या) असतील तर किती आणि कोणत्या, ते बघून जसेच्या तसे ठेवा. रोलर मोजा. १९ भरले तर विसावा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, तो बहुधा केसच्या तळाशी ऑइलमध्ये असतो.

आता क्लचच्या जागी आतल्या भिंतीत सहा स्क्रूंची गोल झाकणी दिसेल. हे स्क्रू आधीच्या कारागिरांनी खाल्लेले असतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर आधी लावा, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी खराब केल्यावर नाही. झाकणी निघाली की मागे चेनच्या काळ्या चिखलात स्प्रॉकेट. तो चिखल लाकडी काडीने खरवडा आणि पुसून काढा, नाहीतर नटाभोवती टॅब कुठे वळवला आहे तेच दिसत नाही.

तिसरा नट. वाकवलेलं टॅब वॉशर पूर्ण सपाट करा. ब्रेक दाबा. आता गिअरची गरज नाही, स्प्रॉकेट थेट चेनने चाकाला बांधलेला आहे. युनिट ट्रायम्फवर आटे सरळ आहेत. नट सुटला की तो काढायच्या आधी त्याचं कुठलं तोंड बाहेर होतं ते बघा. आणि आत्ता, या क्षणी, मागची चेन काढा. नवी चेन घालणार असाल तर जुनीचं टोक मागच्या बाजूला तारेने बांधून ठेवा. नंतर नवी तिच्याच शेपटीला जोडून ओढून घेता येते.

सील, आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते

स्प्रॉकेट स्प्लाइनवरून (स्लीव्ह गिअरवरच्या उभ्या खाचांवरून) सरकून झाकणीच्या भोकातून बाहेर येतो. नवा लावण्याआधी भोकाशी धरून बघा, दात वाढवले असतील तर तो आत जातोय ना आणि चेनला केसपासून जागा उरतेय ना.

काढलेला स्प्रॉकेट उलटा करून बघा. त्याच्या मागच्या बाजूला घासून गुळगुळीत केलेली गोल मान आहे. गिअरबॉक्सचं ऑइल सील याच मानेवर चालतं. वर्षानुवर्षं धूळ आणि सीलच्या ओठाने मानेवर एक बारीक घळ पडते. नखाला ती लागत असेल तर कितीही नवं सील घाला, ऑइल त्या घळीतून बाहेर येणारच. ‘सील बदललं तरी गळतंय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. उलटही खरं आहे: नवा स्प्रॉकेट स्वस्तातला असेल तर त्याची मान खरखरीत असू शकते. बोट फिरवून बघा, गरज असेल तर ऑइल लावून अगदी बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेत घासा. लांबीच्या दिशेत घासाल तर ऑइलसाठी रस्ते तयार कराल.

जुनं सील आकड्याने उपसून काढा. मागच्या बेअरिंगची सर्क्लिप (अडकवलेली स्प्रिंगची कडी) तशीच राहू द्या, तिच्याशी आपलं काम नाही. नव्या सीलचा ओठ, म्हणजे स्प्रिंगची बाजू, गिअरबॉक्सकडे. कड सपाट बसेपर्यंत रुंद सॉकेटने हळूहळू ठोका, ओठाला गिअर ऑइल लावा, मग स्प्रॉकेट सरकवा.

ऑइलची दुसरी वाट स्प्लाइनमधली. स्प्लाइन आणि स्प्रॉकेट यांच्या फटीतून ऑइल सीलला वळसा घालून नटाखालून बाहेर येतं. स्प्लाइनवर आणि नट टेकतो त्या तोंडावर न सुकणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ हात द्या. जास्त लावलं तर ते आत ढकललं जातं.

टॅब वॉशर, नट. चेन परत चढवा, ब्रेक दाबा, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. टॅब नटाच्या सपाट बाजूवर पूर्ण वळवा, कोपऱ्यावर नाही. कोपऱ्यावर आला तर नट जरा आणखी आवळा. टॅब जुळवायला म्हणून नट सैल करू नका.

गोल झाकणीत नवं सील घाला. हे सील स्लीव्ह गिअरच्या बाहेर आलेल्या बुशवर चालतं. झाकणी तिरकी ढकलली तर ओठ दुमडतो आणि ते बाहेरून कळत नाही. बुशला ऑइल, ओठाला ऑइल, झाकणी सरळ आणि बोटांच्या जोराने. स्क्रूंना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक.

परत जोडणी

जोडताना नटांचा क्रम आपोआप उलटा होतो: स्प्रॉकेट झाला, आता हब, शेवटी रोटर. चेन आणि ब्रेक तेच काम करतात.

मेनशाफ्टचा टेपर आणि हबचा टेपर पेट्रोलने पुसून कोरडे करा. टेपरला ग्रीस लावायचं नाही, पकड कोरड्या धातूची असते. चावी खाचेत. रोलर ग्रीसमध्ये चिकटवून चक्र चढवा आणि इंजिन स्प्रॉकेट, चेन, क्लच एकत्र आत सरकवा. दोन्ही चक्रांच्या तोंडांवर सरळ पट्टी धरून ती एका रेषेत आहेत का बघा. काढलेल्या शिम जागेवर असतील तर असायला हवीत. हबचा नट ५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर.

प्लेटा, पुशरॉड, प्रेशर प्लेट, स्प्रिंग. स्प्रिंगचे नट त्यांच्या खिळ्याच्या (स्टडच्या) टोकाशी समपातळीत येईपर्यंत आवळा, ही सुरुवात. आता क्लचची केबल ओढून धरा आणि किक हळू फिरवा. प्रेशर प्लेटची कड बघा. ती फिरताना एका जागी बाहेर येते, एका जागी आत जाते, असं दिसेल. जिथे बाहेर येते तिथला नट थोडा आवळा, पुन्हा फिरवा. कड एका पातळीत फिरू लागेपर्यंत हे करत राहा. ट्रायम्फचा क्लच चिकटतो, न्यूट्रल सापडत नाही, अशी बदनामी ज्याने त्याने केली आहे. पण ही कड जुळवलेली गाडी मी चिकटताना पाहिलेली नाही. पुशरॉडचा मधला स्क्रू टेकेपर्यंत आत आणि अर्धा आटा मागे, मग लॉकनट.

रोटरची चावी, रोटर, नट ३० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४१ न्यूटन-मीटर. स्टेटर बसवल्यावर दोघांमध्ये सगळीकडून आठ हजारांश इंच, म्हणजे ०.२ मिलिमीटर फट हवी. पोलादी फीलर चुंबकाला चिकटतो आणि खोटं माप देतो, त्या जाडीची प्लास्टिकची पट्टी फिरवा. एका बाजूला घासत असेल तर स्टेटरचे खिळे किंचित वाकलेले असतात.

प्रायमरी चेनला वरच्या बाजूला मधोमध ३/८ इंच खेळ ठेवा, आणि तो चेन फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजा. मागच्या चेनला गाडी चाकांवर उभी असताना पाऊण इंच. एक दात वाढवला असेल तर मागचा आस साधारण चार मिलिमीटर पुढे येतो, कमी केला असेल तर तेवढाच मागे जातो. ॲडजस्टरमध्ये जागा उरली नाही तर चेनची लांबी बदलावी लागेल. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. आस सरकला म्हणजे ब्रेक आणि ब्रेक लाइटचा स्विच पुन्हा जुळवणं आलं. कव्हर बंद करून प्रायमरीत साधारण ३५० मिलिलीटर एसएई २० ऑइल घाला.

प्री-युनिट आणि नॉर्टन

प्री-युनिट ट्रायम्फला आतल्या भिंतीत झाकणी उघडून काम भागत नाही, प्रायमरीची आतली केस पूर्ण उतरवावी लागते. शिवाय प्रायमरी चेनचा ताण गिअरबॉक्स मागे-पुढे सरकवून लावतात, म्हणून आधी प्रायमरी, मग मागची चेन. उलट केलं तर दोनदा करावं लागतं.

नॉर्टन कमांडोलाही आतली केस उतरवावी लागते, आणि तिथे दोन गोष्टी जपायच्या. एक, स्प्रॉकेटच्या नटाचे आटे डावे आहेत. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. नेहमीच्या दिशेने लांब बार लावून जोर करणारा तो सोडवत नसतो, आवळत असतो. नटाला लॉक करणारी पट्टी आणि तिचा छोटा स्क्रू आधी काढा. दुसरं, कमांडोच्या क्लचमध्ये तीन स्प्रिंगऐवजी एकच मोठी डायफ्रॅम स्प्रिंग आहे, सर्क्लिपने धरलेली. तिच्यासाठी बनवलेलं दाबयंत्र लावून ती सपाट केल्याशिवाय सर्क्लिपला हात लावू नका. ती स्प्रिंग सुटली तर बोटं जातात, हे मी भीती घालायला लिहीत नाही.

पहिल्या छोट्या फेरीनंतर

गाडी गरम असतानाच खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी ठेवा. मागच्या चेनच्या बाजूला दाट, गंधकासारखा उग्र वास असलेला थेंब पडला तर ते गिअर ऑइल आहे. सीलचा ओठ, मानेवरची घळ किंवा स्प्लाइनमधली फट. पातळ आणि बिनवासाचं असेल तर ते प्रायमरीचं, म्हणजे गोल झाकणीचं सील किंवा तिचं गॅस्केट. आणि बाहेर काहीच पडत नाही, पण गिअरबॉक्सची पातळी उतरत जाते आणि प्रायमरीच्या ऑइलला तोच उग्र वास येतो, तर ऑइल मेनशाफ्ट आणि स्लीव्ह गिअरच्या बुशमधून आतल्या आत जातंय. त्याला सील काही करू शकत नाही. थोडं जात असेल तर पातळी बघत चालवा. बरंच जात असेल तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स उघडाल तेव्हा बुश बदला.